नर्सिंगचं शेवटचं वर्ष ते पहिली नोकरी : काय, कधी, कसं करायचं

शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘तुमच्याकडे पगार किती देतात?’ प्रश्न रास्तच आहे. पण दोन वर्षांनी मोठ्या भरतीचा फॉर्म भरायला बसाल, तेव्हा पहिला पगार कुणीच विचारणार नाही. रुग्णालय किती खाटांचं होतं, कोणत्या वॉर्डात होतात आणि नोंदणीनंतर किती काळ काम केलं, हे मात्र नक्की विचारतील. आम्ही नुकतेच बाहेर पडलेले लोक मागच्या बॅचला सांगतो ते सगळं त्याच हिशोबाने.

पायरी १ : इंटर्नशिपमध्ये हात बसवून घ्या

कोल्हापुरात शिकणाऱ्यांना एक मोठा फायदा आहे. सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयात जिल्ह्याबरोबर कोकणातून आणि सीमाभागातूनही पेशंट येतात. अपघात, विषबाधा, सर्पदंश, बाळंतपण असं सगळं एकाच छताखाली बघायला मिळतं. खासगीत गेल्यावर पेशंटचे पैसे मोजणारे नातेवाईक नवख्या सिस्टरला हात लावू देत नाहीत. त्यामुळे शिरेत सुई लावणं, कॅथेटर (लघवीची नळी), राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), सक्शन, ईसीजीच्या लीड्स हे सगळं सीनियर बाजूला उभी असतानाच करून घ्या. हिरवी, गुलाबी, निळी, पिवळी कॅन्युला (शिरेत ठेवायची नळी) कुणाला आणि का, हे डोळे झाकून सांगता आलं पाहिजे.

ड्रिपचं गणित तोंडी करा. ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचं आहे आणि सेट मिलीला २० थेंबांचा आहे, तर ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. मुलाखतीत हे हमखास विचारतात, आणि इन्फ्युजन पंप बंद पडल्यावर वॉर्डातही हेच लागतं.

ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती, देण्या-घेण्याची वेळ चुकवू नका. पेशंट कोण, का भरती झालाय, आज काय बदललं, कोणतं औषध राहिलंय, लघवी किती झाली, पुढच्या पाळीने कशावर डोळा ठेवायचा, हे दोन मिनिटांत सांगता आलं की इनचार्ज सिस्टर तुम्हाला विद्यार्थी समजणं बंद करतात. पेशंटचं बोलणं पण नीट ऐका. पन्नाशीचा माणूस घामाने डबडबलाय आणि ‘कायनी वो बाई, जरा गॅस धरलाय’ म्हणतोय, तर गॅसच्या गोळीकडे वळू नका, हार्ट अटॅक असू शकतो. नाडी, बीपी बघा, डॉक्टरांना बोलवा, ईसीजीची तयारी करा.

लॉगबुकवर, म्हणजे केलेल्या कामांच्या नोंदवहीवर, सही त्याच दिवशी घ्या. महिनाअखेरीस सह्यांसाठी वॉर्ड-वॉर्ड फिरणाऱ्यांची अवस्था बघवत नाही.

पायरी २ : आधी स्वतःला सांभाळा

हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस (सुरुवातीला, १ महिन्याने आणि ६ महिन्यांनी) पूर्ण करा आणि नंतर टायटर (लसीमुळे रक्तात तयार झालेली प्रतिकारशक्ती) तपासून रिपोर्ट जपून ठेवा. सुई टोचलीच तर जखम पिळू नका, साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा आणि लगेच इनचार्जला सांगा. एचआयव्हीपासून बचावाची औषधं शक्यतो २ तासांत सुरू व्हावी लागतात. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग धरत नाहीत. ‘ओरडतील’ म्हणून लपवणारे दरवर्षी असतात. ओरडा खा, पण सांगा.

पायरी ३ : कागद

निकाल लागला की महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणीचा अर्ज लगेच करा. अनुभव नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे इथला आळस पुढे महागात पडतो. दहावीचा दाखला, आधार, पासपोर्ट आणि नोंदणी या चारही ठिकाणी नावाचं स्पेलिंग एकच हवं. सरकारी भरतीसाठी डोमिसाइल, लागू असेल तर जात वैधता आणि नॉन-क्रिमिलेयर आत्ताच मार्गी लावा. जाहिरात आल्यावर धावपळ करून हे दाखले वेळेत हातात पडत नाहीत. गोव्यात किंवा बेळगावला नोकरी घेणार असाल तर त्या राज्याच्या परिषदेची नोंदणी वेगळी लागते.

पायरी ४ : पहिली नोकरी पगारापेक्षा वॉर्ड बघून घ्या

आमचं स्पष्ट मत : पहिली जागा किमान ५० खाटांची आणि काम आयसीयू, मेडिसिन किंवा सर्जरीचं असावं. पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये हजार-दोन हजार जास्त मिळतील, पण तिथे सलाइन लावणारी, फोन उचलणारी आणि बिल करणारी एकच सिस्टर असते. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवावं. एम्सच्या नॉरसेट या नर्सिंग ऑफिसर भरती परीक्षेसाठी त्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला २ वर्षांचा अनुभव लागतो, बी.एस्सी.वाल्यांना ती अट नाही.

मुलाखतीत तुम्हीही विचारा : एका पाळीत एका नर्सकडे किती पेशंट, सुरुवातीला किती दिवस सीनियरबरोबर ठेवणार, नाइट किती, पीएफ कापता का? मूळ प्रमाणपत्रं दाखवा, ठेवून घ्यायला देऊ नका. बाँडवर सही करण्याआधी मुदत आणि मध्येच सोडल्यास किती रक्कम भरावी लागेल ते वाचा.

पगाराबद्दल एक माहिती जवळ असू द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१६ मध्ये शिफारस केली, की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला किमान २०,००० रुपये मिळावेत आणि २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार असावा. अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली असल्याने प्रत्यक्षात काय मिळतं ते तुम्ही मुलाखतीत ऐकालच. तरी आकडा माहीत असला की बोलताना पाठ ताठ राहते.

सोडताना नोटीस पूर्ण करा आणि अनुभवपत्रावर पद, वॉर्ड, खाटांची संख्या, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख लिहून घ्या. ‘वर्तणूक चांगली’ एवढ्या एका ओळीचं पत्र पुढे कामाला येत नाही.

पायरी ५ : पुढचं दार एकच निवडा

राज्य सरकारी अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) व्हायचं असेल तर नर्सिंगबरोबर मराठी व्याकरण, इंग्रजी आणि बुद्धिमापनही करा. आपली मुलं बहुतेक तिथेच मार खातात. नॉरसेटमध्ये चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा होतात, त्यामुळे अंदाजपंचे उत्तर देऊ नका. गावाजवळ राहायचं असेल त्यांच्यासाठी उपकेंद्रावरचं समुदाय आरोग्य अधिकारी हे कंत्राटी पद आहे.

परदेशाचं गणित भाषेपासून सुरू होतं. इंग्लंडसाठी आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, जर्मनीसाठी बी-२ पातळीपर्यंत जर्मन, आखाती देशांसाठी अनुभव आणि डेटाफ्लो या कंपनीकडून कागदपत्रांची पडताळणी, अमेरिकेसाठी एनसीएलईएक्स ही नर्सच्या परवान्याची परीक्षा. एजंट गाठण्याआधी त्याचं नाव केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे का ते तपासा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. लाखांत रक्कम सांगून ‘पावती नंतर देतो’ म्हणणाऱ्याच्या ऑफिसातून सरळ उठून या.