महाविद्यालयाचे वार्षिक स्नेहसंमेलन: नियोजन आणि व्यवस्थापन

स्नेहसंमेलनाची तयारी बहुतेक ठिकाणी पाहुण्यांच्या नावापासून सुरू होते. माझ्या मते ती रात्री १० वाजल्यापासून मागे मोजत करावी. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण ती आपल्या तारखेला मिळेल असे गृहीत धरू नये. समारोप साडेनऊला धरला की त्याआधी बक्षीस वितरण, त्याआधी नृत्ये आणि एकांकिका, त्याआधी प्रमुख पाहुण्यांचे भाषण, असे मोजत गेल्यावर मंडप आदल्या दिवशी दुपारीच उभा असायला हवा आणि ध्वनिचाचणी प्रेक्षक येण्यापूर्वी संपायला हवी, हे स्वच्छ दिसते.

तारीख ठरवताना विद्यापीठाच्या परीक्षांबरोबरच, त्याच आवारात कनिष्ठ महाविद्यालय असेल तर बारावीच्या प्रात्यक्षिकांचे वेळापत्रकही पाहावे. प्राचार्यांची लेखी मान्यता मिळाल्यावर ध्वनिक्षेपकाच्या परवानगीसाठी पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा आणि पोच घेतलेली प्रत कार्यक्रमाच्या दिवशी जवळ ठेवावी. महाविद्यालयाचे विद्यार्थी व कर्मचारी आपल्याच संस्थेच्या उपक्रमात, विद्यार्थी, कर्मचारी आणि पालक एवढ्यांसमोरच नाटक किंवा गाणे सादर करीत असतील, तर प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये त्याला मोकळीक आहे. तिकीट लावून बाहेरच्या प्रेक्षकांना बोलावले की मात्र लेखकाची परवानगी आधी मिळवावी.

सर्वाधिक वेळ प्रवेशद्वारांच्या आखणीला द्यावा. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाच्या आवारात संगीताच्या कार्यक्रमापूर्वी खुल्या प्रेक्षागृहाच्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि चौघांचा जीव गेला. पाऊस येताच बाहेर थांबलेली गर्दी आत धावली आणि उतरत्या पायऱ्यांवर माणसे एकमेकांवर कोसळली. तिथे जीव गमावलेली मुले आपल्याच मुलांच्या वयाची होती, म्हणून हा विषय सुरक्षारक्षकांवर सोडून देऊ नये. आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा मार्ग वेगळा ठेवावा, कार्यक्रम चालू असताना कोणत्याही फाटकाला कुलूप लावू नये, आसने असतील तेवढ्याच प्रवेशिका छापाव्यात आणि लोकांना ताटकळत न ठेवता तासभर आधीच दारे उघडावीत. पायऱ्या, उतार आणि अरुंद बोळ असेल तिथे दोन-दोन स्वयंसेवक उभे करावेत. जनरेटरची केबल लोकांच्या वाटेवरून नेऊ नये. पाऊस किंवा वीजपुरवठा खंडित झाल्यास ध्वनिक्षेपकावरून कोण आणि काय सांगणार, हे आधीच लिहून ठेवावे, आणि बॅटरीवर चालणारा एक भोंगा हाताशी असावा. १०८ ची रुग्णवाहिका आत येईल एवढा रस्ता दुचाकींपासून मोकळा ठेवण्याची जबाबदारी एकाच प्राध्यापकाच्या नावावर असावी, कारण समितीची म्हणून सोडलेली जबाबदारी ऐन वेळी कोणीच उचलत नाही.

मंडप, ध्वनी आणि प्रकाशयोजनेसाठी तीन दरपत्रके मागवावीत, बिल महाविद्यालयाच्या नावे घ्यावे आणि मुलांनी खिशातून केलेल्या खर्चाची व्हाउचर त्याच संध्याकाळी भरून घ्यावीत. आठवड्यानंतर पावत्या सापडत नाहीत आणि भुर्दंड विद्यार्थ्यांवर पडतो.

मंचावरील वेळ बहुधा स्वागत-सत्कारातच जातो, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र शाल-श्रीफळ देण्याऐवजी सत्कार एकत्र उरकावेत आणि भाषणाची मर्यादा निमंत्रणपत्रातच नम्रपणे कळवावी. शेलापागोट्यांच्या, म्हणजे मुलांनी एकमेकांना गमतीने दिलेल्या उपाध्यांच्या, चिठ्ठ्या आदल्या दिवशी एका शिक्षिकेने आणि विद्यार्थी प्रतिनिधीने मिळून वाचाव्यात. रूप, रंग, जात किंवा एखाद्या मुलीचे नाव कोणाशी जोडणारी प्रत्येक चिठ्ठी बाजूला काढावी. हशा मिळवण्यासाठी कोणाला वर्गात येणे नकोसे होईल, असे काहीही मंचावरून वाचले जाऊ नये.

मंडप उतरल्यावर कंत्राटदाराची शिल्लक रक्कम देण्यापूर्वी स्वयंसेवकांनी एका रांगेत चालत मैदान तपासावे आणि पडलेले खिळे, तारांचे तुकडे व काचा उचलून घ्याव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी खो-खोचा संघ त्याच मैदानावर अनवाणी धावणार असतो.