जुन्या व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरचं बटण लागत नाही? आधी दोष शोधा, मग इअरबड हातात घ्या

मारिओ पळतो, पण उडी मारत नाही. किंवा उडी मारतो, पण अंगठा पांढरा पडेपर्यंत ए बटण दाबून धरल्यावर. जुन्या कंट्रोलरची ही नेहमीची तक्रार, आणि तिचं कारण बहुतेक वेळा अगदी किरकोळ असतं. तरीही लोक पॉलिश पेपर काढतात, आतल्या काळ्या पट्ट्या घासतात आणि दहा मिनिटांत दुरुस्त होणारी वस्तू भंगारात जाते.

इथे धरला आहे तो निंटेंडोचा चौकोनी कंट्रोलर. या कंपनीचं मूळ गेम-यंत्र फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आलं, त्याची अमेरिकेतली आवृत्ती एनईएस १९८५ साली. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी जे ‘टीव्ही गेम’ होते, ते बहुतेक याच यंत्राच्या नकला. ज्याला आपण रिमोट म्हणायचो, त्याच्या आतली रचनाही तीच. त्यामुळे पोटमाळ्यावरचा नऊ पिनांचा रिमोट असला तरी पुढचं सगळं लागू पडतं.

न उघडता काय कळतं

बटणाखाली रबराची छोटी टोपी असते आणि तिच्या पोटात कार्बनची काळी टिकली. बटण दाबलं की टिकली सर्किट बोर्डावरच्या दोन काळ्या पट्ट्यांवर (यालाच पॅड म्हणतात) टेकते आणि त्या जोडल्या जातात. कंट्रोलरमधली चिप (मूळ एनईएसमध्ये ४०२१ नावाची शिफ्ट रजिस्टर) आठही बटणांची स्थिती एका क्षणी टिपते आणि एकामागून एक एकाच डेटा वायरवरून यंत्राकडे पाठवते. आधी ए, मग बी, सिलेक्ट, स्टार्ट, आणि शेवटी चार दिशा.

यावरून निम्मं निदान बसल्या जागी होतं. आठही बटणांचा निरोप एकाच वायरीतून जातो, म्हणजे एकच बटण मेलं असेल तर वायर तुटलेली असू शकत नाही. दोष त्या बटणाच्या रबरात, पॅडवर किंवा तिथून चिपपर्यंत जाणाऱ्या रेषेत, क्वचित चिपमध्येच. उलट सगळीच बटणं गेली, किंवा वायर वाकवली की चालू-बंद होत असतील, तर रबराला हात लावू नका, वायर तपासा. (अटारी या दुसऱ्या कंपनीच्या जुन्या जॉयस्टिकमध्ये मात्र प्रत्येक दिशेला आणि फायरला स्वतंत्र वायर असते. तिथे हा तर्क चालत नाही.)

टर्बो बटण असलेल्या रिमोटवर आणखी सोपी चाचणी आहे. टर्बो ए दाबल्यावर धडाधड गोळ्या सुटतात पण साधा ए चालत नाही, म्हणजे चिप आणि वायर ठणठणीत आहेत.

उघडताना

यंत्र बंद करून कंट्रोलर काढा. टेबलावर पांढरा कपडा अंथरा आणि कंट्रोलर पालथा ठेवा. एनईएसच्या पाठीला सहा स्क्रू असतात. नकली रिमोटवर कमी-जास्त, कधी एखादा स्टिकरखाली लपलेला. मागचं झाकण वर उचला म्हणजे बटणं खालच्या भागात जागच्या जागी राहतात. सुलटा उघडलात तर ती शोधायला पलंगाखाली जावं लागेल. पुढे काहीही हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. विशेषतः वायर कोणत्या खुंट्यांमधून वळसे घेऊन आली आहे ते दिसू द्या, कारण ओढ सोल्डरवर न येता त्या वळशांवर येते.

दोष रबरात की बोर्डावर?

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि सगळ्यात महत्त्वाचा तोच. रबर बाजूला करा, बोर्ड सुटा ठेवून कंट्रोलर यंत्राला लावा आणि गेम सुरू करा. आता पेपरक्लिपच्या टोकाने त्या बटणाच्या दोन पट्ट्या एकमेकींना अलगद जोडा. चिपच्या पायांना मात्र टोक लागू देऊ नका. मारिओने उडी मारली तर बोर्ड बरा आहे, रबर दमलं आहे. उडी मारली नाही तर पॅड, तिथून चिपपर्यंतची रेषा किंवा चिपच संशयित.

मल्टीमीटर (विजेचा रोध वगैरे मोजायचं यंत्र) असेल तर आणखी खात्री करता येते. तो ओहमवर, म्हणजे रोध मोजायला, ठेवा. टिकलीवर त्याची दोन्ही टोकं एक-दोन मिलिमीटर अंतरावर हलकेच टेकवा आणि आकडा बघा. चांगली टिकली साधारण काही शे ओहम किंवा त्याहून कमी दाखवते. आकडा कित्येक किलोओहमवर गेला किंवा नाचत राहिला तर ती झिजली आहे. त्याच कंट्रोलरमधल्या स्टार्टच्या टिकलीशी तुलना करणं सगळ्यात भरवशाचं, कारण स्टार्ट कोणी गेमभर बडवत बसत नाही.

साफसफाई

लागतं ते एवढंच: आयसोप्रोपाइल अल्कोहोल, इअरबड, कोरा कागद. अल्कोहोल नव्वद टक्क्यांच्या वरचं घ्या. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाहीतर ऑनलाइन मिळतं. सॅनिटायझर वापरू नका. त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं आणि चिकट थर मागे राहतो. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर प्लास्टिक विरघळवतात. गंज सोडवायचे तेलकट स्प्रेही नकोत.

पॅडवर ओलसर बड एकाच दिशेने फिरवा. बडावर करडा मळ येईल, तो हवाच आहे. गडद काळं यायला लागलं की थांबा. ती घाण नाही, पॅडवरचा कार्बन आहे. खोडरबर, ब्लेड, पॉलिश पेपर यांतलं काहीही पॅडला लावायचं नाही. तो थर पातळ छापलेला असतो आणि एकदा गेला की परत येत नाही.

टिकलीही तशीच पुसा, वाळू द्या. मग कोऱ्या कागदावर ती बोटाने हलकी दाबून दोन-तीनदा ओढा. कागदावर पेन्सिलीसारखी रेघ उमटते आणि खालचा ताजा कार्बन वर येतो. पुष्कळ कंट्रोलर इथेच बरे होतात. प्लास्टिकची बटणं आणि वरचं झाकण साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवा. बटण दाबल्यावर आतच अडकत असेल तर दोष कडेला साचलेल्या घामाच्या थराचा असतो, रबराचा नाही. वाळवायची घाई करू नका.

तरीही लागत नसेल तर

दोष रबरात असेल आणि एनईएसचा कंट्रोलर असेल तर सरळ नवीन रबरांचा संच मागवा. त्यात तीन तुकडे असतात: दिशांचा, स्टार्ट-सिलेक्टचा आणि ए-बीचा. नकली रिमोटची मापं वेगवेगळी, त्यामुळे भोकं जुळतात का ते मोजूनच मागवा. मिळालं नाही तर टीव्हीच्या रिमोटच्या रबरासाठी मिळणारा कार्बनचा रंग टिकलीवर लावा आणि पूर्ण वाळू द्या. बाद झालेल्या टीव्हीच्या रिमोटमधून टिकली कापून सिलिकॉनच्या गोंदाने बसवणंही चालतं. फेविक्विक सिलिकॉनला नीट धरत नाही. पेन्सिलीचं शिसं घासणं हा सुट्टीपुरता इलाज. टिकलीवर चांदी (चॉकलेटवरचा चकचकीत कागद) चिकटवणाऱ्यांचं बटण लगेच चालतं, पण ती पॅडला घासत राहते, म्हणून मी ती लावत नाही.

पॅडच झिजला असेल तर तोच कार्बनचा रंग बारीक काडीने फक्त झिजल्या जागी लावा. दोन पट्ट्यांमधली फट बुजली तर बटण कायम दाबलेलं राहील.

वायरीचा दोष असेल तर ती बहुधा कंट्रोलरमध्ये शिरते तिथे, नाहीतर प्लगच्या मानेशी तुटलेली असते. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (तार अखंड आहे का ते दाखवणाऱ्या खुणेवर) ठेवून एकेक तार तपासा. रंगांवर विसंबू नका, नकली मालात रंगांना काही नियम नसतो. तुटकी जागा कापून टाका, प्रत्येक तार कुठून निघाली ते लिहून ठेवा आणि त्याच जागी पुन्हा सोल्डर करा. आणि नऊ पिनांचा प्लग बसतो म्हणून हा रिमोट अटारी किंवा सेगा कंपनीच्या यंत्राला लावू नका. पिनांची जोडणी वेगळी आहे.

चिपच गेली असेल तर ४०२१ सहज मिळते, पण नकली रिमोटमध्ये चिपच्या जागी बोर्डावर काळा डांबरासारखा थेंब असतो. तो बदलता येत नाही. दुसऱ्या बाद रिमोटचा बोर्ड बसवा.

बंद करताना

रबरं खुंट्यांवर सपाट बसली आहेत ना ते बघा, वायर फोटोप्रमाणे वळवा. प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवा. तो टक्कन खाली बसला की मगच सुलटा आवळा, म्हणजे प्लास्टिकमधले जुने आटे टिकतात. दोन स्क्रू लावून आठही बटणं गेममध्ये तपासा आणि मगच बाकीचे लावा. शेवटी जोर लावू नका. जास्त आवळलेल्या कंट्रोलरमध्ये दिशेचं बटण दाबून सोडल्यावर वर येत नाही, आणि मग पुन्हा उघडावं लागतं.