गाळाची खोरी आणि भूपट्ट: अभ्यासात या चुका टाळा

कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर मुलांना 'गाळाचं खोरं' समजावायला लागलो, की कुणीतरी हमखास नदीकडे बोट दाखवतं. चूक स्वाभाविक आहे, कारण मराठीत दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो. कृष्णा खोरं म्हणजे ज्या प्रदेशाचं पाणी कृष्णेला मिळतं तो प्रदेश. भूशास्त्रातलं गाळाचं खोरं म्हणजे भूकवचाचा असा भाग, जो लाखो वर्षं खचत राहतो आणि खचता खचताच गाळाने भरत जातो.

आपण पहिल्यात राहतो, दुसऱ्यात नाही. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. जोतिबाच्या किंवा पन्हाळ्याच्या वाटेवर डोंगराला ज्या पायऱ्या दिसतात, ते सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले लाव्हाचे प्रवाह. थर दिसले म्हणून त्यांना गाळाचे खडक लिहू नका. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती तोच दगड झिजवून माती नृसिंहवाडीला कृष्णेच्या हवाली करतात. धरणांतून जी सुटते ती पार आंध्रच्या किनाऱ्याला पोहोचते. तिथलं कृष्णा-गोदावरी खोरं मात्र दोन्ही अर्थांनी खोरं आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'आधी खोल खड्डा होता, मग तो भरला' असं धरून चालणं. सहलीला गोकाकला जाल तेव्हा धबधब्याचा कडा नीट बघा. तो वालुकाश्माचा आहे, लाव्हाच्या कितीतरी आधीच्या कलादगी खोऱ्यातला. या खोऱ्याच्या वालुकाश्मांत उथळ पाण्यातल्या लाटांचे ठसे सापडतात. गाळाची जाडी प्रचंड, पण पाणी उथळच! याचा अर्थ एकच निघतो: तळ खाली जात होता आणि गाळ त्याच्या बरोबरीने साचत होता. त्यात गाळाचं स्वतःचं वजनही तळाला आणखी दाबतं. एक किलोमीटर खोल समुद्र काठोकाठ भरायला एक नव्हे, साधारण दोन ते अडीच किलोमीटर जाडीचा गाळ लागतो. गणितात हा भार विसरलात तर पुढचं सगळं चुकतं. चिखल दबून आक्रसतो हेही धरा. आजची जाडी ही साचतानाची जाडी नसते.

पण मुळात तळ खचतो कशाने? इथे बहुतेक जण 'भूपट्ट (पृथ्वीच्या वरच्या कठीण थराचे सरकणारे प्रचंड तुकडे) दूर जातात म्हणून' एवढं लिहून थांबतात. ते अर्धंच उत्तर झालं. भूपट्ट ताणला की तो पातळ होऊन झपाट्याने खचतो. नंतर खालून वर आलेली उष्णता हळूहळू निवते, तसा तो कोट्यवधी वर्षं संथपणे खचत राहतो. ही मांडणी भूभौतिकशास्त्रज्ञ मॅकेंझी यांनी १९७८ मध्ये केली. गंगेच्या मैदानाची गोष्ट अगदी उलटी आहे. तिथे भूपट्ट एकमेकांवर आदळले, हिमालयाचा भार पडला आणि भारतीय भूपट्ट त्या भाराने वाकला. म्हणून प्रकार ओळखताना अडलात, तर खचण्याचा आलेख काढा. आधी वेगाने आणि मग मंद, तर ताण. आधी मंद आणि डोंगर जवळ सरकतील तसा वेगाने, तर भार. मला ही युक्ती कुठल्याही पाठ केलेल्या तक्त्यापेक्षा भरवशाची वाटते.

एका खोऱ्याला एकच शिक्का कायमचा मारू नका. कच्छचं खोरं ताणातून जन्मलं, जुरासिक काळात तिथे समुद्र होता. पुढे भारतीय भूपट्ट आशियाला भिडल्यावर तेच जुने भ्रंश (ज्यांवरून खडक सरकतात त्या भेगा) दाबाखाली उलटे सरकू लागले आणि समुद्रतळाचे खडक टेकड्या होऊन वर आले. २००१ चा भूजचा भूकंप त्याच दाबाचा.

आणि आपल्या काळ्या पाषाणाला या विषयातून वगळू नका. आज हिंदी महासागरात असलेल्या सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून तुटला तेव्हा पश्चिम किनाऱ्याबाहेरचा भाग खचला. पन्हाळा ज्या लाव्हाचा, त्याच दख्खनच्या लाव्हाचे थर मुंबईसमोरच्या समुद्रात गाळाखाली गाडले गेले आहेत, काही ठिकाणी कित्येक किलोमीटर खोल. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल लागलं, ते प्रामुख्याने त्यावर साचलेल्या चुनखडकात.