एका बाजूनेच उडालेला रंगीत फोटो सुधारताना

अशा फोटोवर फोटोशॉपसारख्या प्रोग्राममधलं ऑटो कलर (आपोआप रंग सुधारणारी आज्ञा) चालवलं की एक भाग सुधारतो आणि दुसरा निळा-हिरवा पडतो, कारण दोन्हीकडे रंग सारखे उडालेले नसतात. स्कॅन 600 डीपीआय (दर इंचाला 600 ठिपके), 48-बिट (लाल, हिरवा, निळा या प्रत्येक चॅनलला 16 बिट), टिफ फाइलमध्ये करा. स्कॅनरची रंगसुधारणा बंद. 8-बिटमध्ये फिकट चॅनल ताणला की आकाशात पट्टे उमटतात.

आधी कमी उडालेला भाग कर्व्हजने (उजेड आणि रंग बदलणारी वक्ररेषा) जमवा. लालसर पडलेल्या प्रिंटमध्ये बहुधा सायन (लाल प्रकाश शोषणारा निळा-हिरवा रंग) गेलेला असतो, म्हणून लाल चॅनलचा हिस्टोग्राम (गडद ते उजळ छटांचा आलेख) उजवीकडे, म्हणजे उजळ बाजूला दाटतो. त्याचा काळा बिंदू (आलेखाचं गडद टोक) आत ओढा. मग दुसरा कर्व्हज लेयर (फोटोवरचा वेगळा थर) फक्त उडालेल्या भागासाठी. त्याचा मास्क (काळा तिथे लेयर लपवतो, पांढरा तिथे दाखवतो) काळा करा आणि मोठ्या, मऊ ब्रशने 10 ते 15 टक्के फ्लोवर (ब्रशमधून रंग उतरण्याचं प्रमाण) पांढरा भरत जा. फिकेपणा कडेकडून हळूहळू वाढत गेला असेल तर मास्कवर ग्रेडियंटच (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हळूहळू बदलणारी छटा) बरा.

एकच पांढरा शर्ट किंवा राखाडी भिंत दोन्ही भागांत येत असेल तर तिथले आरजीबी (लाल, हिरवा, निळा) आकडे जुळवा. डोळ्यांवर विसंबू नका, ते लालसर झाकेला फार लवकर सरावतात. ताणलेल्या चॅनलमध्ये दाणे वाढतात. हे दाणे (नॉइज) तेवढ्याच चॅनलमध्ये कमी करा. रंग पूर्णच गेला असेल तिथे कर्व्हज काही परत आणत नाही. कलर मोडच्या (फक्त रंग बदलतो, उजेड-सावली तशीच राहते) नव्या लेयरवर शेजारचा रंग उचलून भरा.