टाचेच्या जुन्या दुखण्यासाठी ड्राय नीडलिंग : सुई टोचून घेण्याआधी आणि नंतर

सकाळी पलंगावरून उतरून पहिले पाऊल फरशीवर टेकताच टाचेत खिळा रुतल्यासारखी कळ येते, दहा-वीस पावलांनंतर ती ओसरते आणि बराच वेळ बसून उठले की पुन्हा डोके वर काढते. हे महिनोन्‌महिने चालले असेल, तर ते बहुधा तळपायाच्या जाड पट्ट्याचे दुखणे, म्हणजे प्लांटर फॅसिआयटिस असते. इंदूरच्या एका शाळेत रोज चार-पाच तास उभ्याने शिकवताना मी ते दीड वर्ष सोसले आणि शेवटी ड्राय नीडलिंगकडे वळले. हा उपचार घेताना काय पाहावे, काय विचारावे आणि घरी काय करावे, ते पुढे लिहीत आहे.

सर्वप्रथम अस्थिरोगतज्ज्ञाकडून निदान पक्के करून घ्यावे. एक्स-रेमध्ये टाचेचे हाड वाढलेले दिसले, की रामबागेपासून सुदामानगरपर्यंत भेटेल तो त्यावर एक उपाय सांगतो. परंतु असे वाढलेले हाड टाच अजिबात न दुखणाऱ्या अनेकांमध्येही आढळते आणि कोणत्याही सुईने ते विरघळत नाही. तळपायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, रात्री झोपेतही ठणका लागत असेल, ताप असेल, टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर तीव्र कळ येत असेल, किंवा दोन्ही टाचांबरोबर सकाळी कंबरही आखडत असेल, तर कारण वेगळे असू शकते, आणि ते शोधण्याआधी सुई टोचून घेऊ नये.

ड्राय नीडलिंगमध्ये औषध नसते. अॅक्युपंक्चरचीच बारीक, भरीव सुई येथे वापरतात, मात्र ती कोठे टोचायची हे स्नायू चाचपून ठरवले जाते. पोटरीतील सोलियस या खोल स्नायूत एखादा ताठर, दुखरा बिंदू असेल, तर तो अंगठ्याने दाबताच कळ थेट टाचेत उमटू शकते. अशा बिंदूला ट्रिगर पॉइंट म्हणतात. कारेल लेविट या झेक वैद्यांनी १९७९ साली नुसत्या सुईने स्नायूंच्या वेदना कमी होतात असे निरीक्षण प्रसिद्ध केले, आणि पुढे या पद्धतीला बळ मिळाले. टाचेतली कळ अशा बिंदूंतून येऊ शकते, म्हणून सुई मुख्यतः पोटरीत आणि तळपायाच्या लहान स्नायूंत जाते. पोटरी न तपासता कोणी थेट दुखऱ्या टाचेत सुया टोचू लागला, तर मी तेथून उठून येईन.

गुण किती येतो, याची कल्पना आधीच असलेली बरी. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत ८४ रुग्णांना सहा आठवडे, आठवड्यातून एकदा, खरी किंवा बनावट सुई देण्यात आली. खऱ्या सुईच्या गटात पहिल्या पावलाची वेदना १०० मिलिमीटरच्या मोजपट्टीवर बनावट सुईच्या गटापेक्षा सरासरी सुमारे १४ मिलिमीटरने कमी झाली. हा फरक खरा असला तरी माफक आहे, आणि खऱ्या सुईच्या साधारण दर तीन भेटींपैकी एकीत तात्पुरता किरकोळ त्रासही नोंदला गेला. त्यामुळे दोन सुयांत धावू लागाल असे आश्वासन देणाऱ्यापासून दूर राहिलेलेच बरे.

उपचार फिजिओथेरपिस्टने किंवा डॉक्टरने करावा आणि त्याने या पद्धतीचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतलेले असावे. ते कोठे आणि किती दिवसांचे होते, हे विचारण्यात संकोच नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहामुळे आलेला पायाचा बधिरपणा, गर्भारपण, त्वचेवरील जखम किंवा सुईची भीती, यांपैकी जे असेल ते आपणहून सांगावे. जाताना पोटात काहीतरी असावे. पोह्यांची एक बशीदेखील पुरते; उपाशीपोटी भोवळ येण्याची शक्यता वाढते. सलवार किंवा पायजमा गुडघ्यापर्यंत सरकेल असा सैल असावा.

माझ्या पहिल्या भेटीत मला पालथे झोपवून नडगीखाली उशी दिली, स्पिरिटने पोटरी पुसली आणि सीलबंद पाकीट माझ्यासमोर फोडले. सुई साधारण ०.३० मिलिमीटर जाडीची होती आणि बारीक प्लास्टिकच्या नळीतून टिचकी मारून आत सरकवली, तेव्हा ती जाणवलीही नाही. मात्र ती त्या ताठर बिंदूत पोहोचताच पोटरी माशासारखी फडफडली आणि खोलवर पेटका आला. हे फडफडणे अपेक्षितच असते. विजेच्या झटक्यासारखी कळ पायाच्या बोटांकडे धावली तर मात्र ताबडतोब सांगावे, कारण घोट्याच्या आतल्या बाजूने मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या जातात. तळपायातील सुई पोटरीपेक्षा कितीतरी अधिक झोंबते, हे मला आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

नंतर एक-दोन दिवस पोटरी अवघडते, क्वचित निळसर डाग पडतो. गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे, सावकाश चालावे, त्या दिवशी राजवाड्याच्या बाजारात खरेदीची मोठी फेरी टाळावी. सूज, वाढती लाली किंवा ताप आल्यास डॉक्टरांना दाखवावे.

खरी मेहनत मात्र घरी करायची असते. टॉवेलची घट्ट गुंडाळी जिन्याच्या पायरीवर ठेवावी, बोटे तिच्यावर वर वळतील असा चवडा टेकवावा, कठड्याला धरून दुखऱ्या पायावर तीन सेकंदांत टाच उचलावी, दोन सेकंद थांबावे आणि तीन सेकंदांत खाली आणावी. एक दिवसाआड, बारा वेळा जमेल तेथून आरंभ करावा. जड वाटल्यास आधी दोन्ही पायांनी करावे. घरातही मऊ, टाचेला आधार देणारी चप्पल घालावी. याखेरीज रोज सकाळी पहिल्या पावलाची वेदना दहापैकी किती, हे कॅलेंडरवर लिहावे. तीन-चार भेटींनंतरही तो आकडा हलला नाही, तर सुया थांबवून पुन्हा डॉक्टरांकडे जावे. माझा आकडा सहा आठवड्यांत सातवरून चारवर आला आणि चारवरून एकवर यायला टॉवेलचे आणखी तीन महिने लागले.