मेफ्लाय ओळखायला शिकताना: नाव शेवटी, अवस्था आधी

मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या कीटकावर काम सुरू करणाऱ्याला पहिल्याच दिवसापासून प्रजातीचं नाव हवं असतं. माझं सांगणं असं की आधी हातातला नमुना कोणत्या अवस्थेतला आहे ते बघा. या गणात ३००० हून अधिक प्रजाती आहेत आणि त्या ओळखायच्या बहुतेक ‘की’ (पायरीपायरीने नावापर्यंत नेणारे तक्ते) पूर्ण वाढलेल्या निंफसाठी (पाण्यातल्या, पंख न फुटलेल्या पिल्लासाठी) किंवा प्रौढ नरासाठी लिहिलेल्या असतात. अर्धवट वाढलेलं निंफ किंवा एकटीदुकटी मादी घेऊन ‘की’ उघडली, तर चौथ्या-पाचव्या पायरीवर अडकायला होतंच. अशा वेळी कुलावर (फॅमिलीवर) थांबलात तरी चालेल.

निंफ बघताना नवखे शेपट्या मोजतात. तीन दिसल्या की मेफ्लाय, दोन दिसल्या की स्टोनफ्लाय (पाण्यातच वाढणारा दुसरा कीटक), असा हिशोब असतो. पण एपिओरससारख्या मेफ्लायला दोनच शेपट्या असतात, आणि अल्कोहोलमधल्या नमुन्यांच्या तर तुटलेल्याच असतात. त्यापेक्षा पायाचं टोक बघा: मेफ्लायच्या निंफला प्रत्येक पायाला एकच नखी असते, स्टोनफ्लायला दोन. शिवाय मेफ्लायचे कल्ले पोटाच्या खंडांवर असतात.

या कल्ल्यांवर वेळ घालवा, तो वाया जात नाही. सीनिडी कुलात दुसऱ्या खंडावरचे कल्ले चौकोनी झाकणासारखे मोठे असतात आणि मागचे नाजूक कल्ले त्यांच्याखाली दडलेले असतात. बारीक सुईने झाकण अलगद उचलल्याशिवाय ते दिसत नाहीत. झाकण त्रिकोणी किंवा लंबगोल असेल तर लेप्टोहायफिडीचाही विचार करावा लागतो. एफेमेरेलिडीत दुसऱ्या खंडावर कल्लेच नसतात. लेप्टोफ्लेबिडीत ते बऱ्याचदा दुभंगलेले असतात. एफेमेरिडीत पिसांसारखे कल्ले पाठीवर वळलेले असतात आणि डोक्यापुढे सुळे आलेले असतात, कारण ही निंफं गाळात बिळं करून राहतात. चपटं अंग आणि डोक्याच्या वरच्या बाजूला डोळे दिसले, की बहुतेक वेळा हेप्टाजिनिडी.

पंख फुटलेल्या नमुन्यात एक वेगळीच गंमत आहे. पंख आल्यावर पुन्हा कात टाकणारा हा एकमेव कीटक. त्या मधल्या अवस्थेला सबइमॅगो म्हणतात. तिचे पंख धुरकट असतात आणि कडेला बारीक केस असतात. खऱ्या प्रौढाचे पंख स्वच्छ, चकचकीत. सबइमॅगोची जननेंद्रियं पुरती तयार झालेली नसतात, त्यामुळे त्यावरून प्रजाती ठरवायच्या भानगडीत पडू नये. हवा खेळती राहील अशा डबीत ठेवा, बरेचदा रात्रभरात कात टाकतो. सीनिडीतला सीनिस मात्र काही मिनिटांतच मोकळा होतो.

नर ओळखणं सोपं: पुढचे पाय लांब, डोळे मोठे. बीटिडीत तर डोळ्यांचा वरचा भाग फेट्यासारखा उभा असतो. नरात नवव्या खंडाखाली चिमट्यासारखे अवयव आणि शिश्न असतं. प्रजातीचा निवाडा बहुतेक वेळा तिथेच होतो. पंखांच्या शिरा त्याआधी उपयोगी पडतात. बीटिडीतल्या बीटिसच्या पुढच्या पंखाच्या कडेला शिरांच्या मधल्या सुट्या आखूड रेषा जोडीने असतात, क्लोईऑनमध्ये एकेकट्या. शिवाय क्लोईऑनला मागचे पंखच नसतात.

रंगावर विसंबू नका. अल्कोहोलमध्ये तो उडतो, म्हणून नमुना ताजा असतानाच फोटो काढा. डीएनए लागणार असेल तर नमुना ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. त्यात पाय आणि कल्ले ठिसूळ होतात, म्हणून जोडीला ७०-८० टक्क्यांतलाही संच हवा. लेबल पेन्सिलीने लिहून कुपीच्या आत टाका.

पंखकोष (पाठीवरच्या, आत पंख तयार होणाऱ्या पिशव्या) काळे पडलेलं निंफ सापडलं तर ते मारू नका, पाळा. त्यातून प्रौढ नर निघाला, तर निंफची कात, सबइमॅगोची कात आणि नर असं तिन्ही एकाच कुपीत ठेवा. निंफ आणि प्रौढ एकाच प्रजातीचे आहेत याचा इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो. बीटिस रोडानीसारख्या नावाखाली डीएनएने एकापेक्षा जास्त वंशरेषा दाखवल्यात. तिथे नुसत्या भिंगावर भरवसा ठेवून अहवालात पक्कं नाव लिहू नये, जीनसपर्यंतच (प्रजातीच्या वरच्या पातळीपर्यंतच) लिहावं.