पादचाऱ्याच्या फोनवरून गाडीला बिनतारी इशारा: मैदानी चाचणी कशी घ्यावी

उभ्या बसच्या आडून रस्ता ओलांडणारा माणूस चालकाला दिसत नाही आणि गाडीच्या कॅमेऱ्यालाही दिसत नाही. त्याच्या खिशातल्या फोनचा संदेश मात्र त्या आडोशातूनही गाडीपर्यंत पोहोचू शकतो. होंडाने २०१३ साली रेडिओ लहरींच्या ५.९ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर हे करून दाखवले होते. सर्वसाधारण फोनमध्ये त्या पट्ट्याची सोय नसते, म्हणून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी गाडीत राउटर ठेवून २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर प्रयोग करावा. फोनने आपले स्थान, वेग आणि दिशा सतत कळवायची आणि दोघांच्या वाटा कुठे छेदतात हे गाडीतल्या संगणकाने काढायचे.

इशारा किती अंतरावर वाजावा, हे आधी ठरवावे. ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद जातो आणि ब्रेक मध्यम जोराने लागतो असे धरले, तर ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी थांबायला सुमारे २० मीटर लागतात, ताशी ५० ला मात्र ४०. त्यामुळे हे अंतर वेगाबरोबर बदलते ठेवावे. फोनकडून स्थान बहुधा सेकंदाला एकदाच मिळते. चालणाऱ्यासाठी ते पुरते, पण ताशी ५० वेगाची गाडी तेवढ्यात १४ मीटर पुढे गेलेली असते. गाडीवर सेकंदाला दहा वेळा स्थान देणारा जीपीएस रिसीव्हर बसवावा.

चाचणी बंद मैदानावरच घ्यावी आणि गाडीसमोर माणूस कधीही उभा करू नये. पाण्याने भरलेल्या २० लिटरच्या जारला फोन चिकटपट्टीने बांधावा. शरीराप्रमाणे पाणीही या लहरी शोषते, त्यामुळे फोन आणि गाडी यांच्यामध्ये जार आल्यावर किती संदेश गळतात ते कळते.

खरी अडचण स्थानाची आहे. मोकळ्या आकाशाखालीही फोन ५ मीटरच्या आसपास चुकतो. फोन फुटपाथच्या कडेला स्थिर ठेवून नकाशा पाहिला, तर ठिपका कधी मागच्या भिंतीवर जातो, तर कधी थेट गाडीच्या वाटेत येतो. म्हणून केवळ स्थानावरून इशारा न देता, फोनमधल्या हालचालीच्या सेन्सरवरून माणूस खरोखर चालतो आहे का, हेही तपासावे. माझ्या मते सर्वाधिक वेळ इथेच द्यायला हवा, कारण विनाकारण वाजणारा इशारा चालक बंद करून टाकतो आणि मग सगळीच मेहनत वाया जाते.

प्रत्येक फेरीत इशाऱ्याची वेळ, त्या क्षणीचे अंतर आणि वेग नोंदवावा, आणि स्थिर फोनमुळे वाजलेले खोटे इशारे वेगळे मोजावेत.